ग्लोव्हबॉक्सच्या मागे

भाईंदर पूर्व,
६ जुलै २०२५

ती. हरिश्चंद्रमामास,
साईराजचा सा. न. वि. वि.

तुझ्या दोन्ही कानांनी संप पुकारल्यापासून फोनचा उपयोग नाही, आणि व्हॉट्सॲपवर मी फक्त शिव्या लिहितो असं तुझं म्हणणं. म्हणून हे पत्र. तुझा नियमही पाळतोय: आधी बिघाड कागदावर, मग हत्यार हातात.

काशीनाथशेठच्या गॅरेजात लागून तीन महिने झाले. सोमवारी टोइंगवाल्याने एक गाडी आणून टाकली. पंधरा वर्षांची काळी जर्मन गाडी, आत बेज लेदर. मालक बेव्हर्ली पार्कचे गोवर्धनभाई. हो, तेच. हेमालीचे पप्पा. जानेवारीत आपल्या घरी येऊन, आईने दिलेल्या पाण्याला हात न लावता, मी आणि हेमाली कुठे भेटतो ते वारासकट सगळं सांगून गेले होते तेच. मंगळवारी जेसल पार्कची खाडी, शुक्रवारी उत्तनचा रस्ता. एवढं फक्त साहिलला माहीत होतं. चार वर्षांचा मित्र! कँटीनमध्ये त्याचा दात पाडला त्याचं मला अजून काही वाटत नाही. कॉलेजने माझ्याकडून लेखी माफीनामा मागितला, मी कॉलेजच सोडलं. नाक घासायला मी जन्मलो नाही.

मी इथे कामाला आहे हे गोवर्धनभाईंना माहीत नाही. ड्रायव्हर म्हणाला, गाडी तयार झाली की हेमालीबेन स्वतः न्यायला येतील. मामा, याच गाडीत तिच्या बाजूला बसून मी तिला घाटात क्लच कधी सोडायचा ते शिकवलंय, आणि गाडी ऑटोमॅटिक आहे म्हणून ती पोट धरून हसलीय. सहा महिन्यांत तिचा एक फोन नाही. का, एवढंच मला तिला विचारायचंय. त्यासाठी ही गाडी माझ्या हातून ठीक झाली पाहिजे.

तर बिघाड असा. रात्री चांगली उभी केलेली गाडी सकाळी ठार मेलेली. बॅटरी नवी टाकली तरी तेच. आतला दिवा मनात येईल तेव्हा लागतो. मागची डावी काच अर्ध्यावर अडकते. छताचं कापड मांडवासारखं लोंबतंय. डाव्या सीटपुढचं कार्पेट ओलं आणि कुबट.

मामीला नमस्कार. आई तुझ्यासाठी सुका जवळा पाठवतेय. माझ्यावर लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवलास तर नाही म्हणणार नाही.

तुझा,
साईराज

*

आंजर्ले,
१३ जुलै २०२५

चि. साईराज यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बिघाड छान लिहिलायस. पहिलं अर्धं पान मात्र गाडीचं नव्हतं. ते मी वाचलं आणि बाजूला ठेवलं.

ओलं कार्पेट हे मूळ धर. छताच्या खिडकीला चार कोपऱ्यांत बारीक नळ्या असतात, पाणी खाली जायला. त्यात पाचोळा अडकला की पाणी छताच्या कापडात आणि तिथून कार्पेटखाली. त्या गाडीत कार्पेटखाली एक कंट्रोल बॉक्स आहे. तो भिजला की गाडीला वाटतं कोणीतरी दार उघडतंय, आणि ती झोपतच नाही. नळ्या मऊ तारेने साफ कर. हवेचा प्रेशर मारू नकोस, आतले सांधे सुटतील. बॉक्स उन्हात नको, पंख्याखाली दोन दिवस वाळव. काचेची वायर दाराच्या रबरात तुटली असेल, तिथेच वाकते. छताचं कापड काढून नवा फोम लाव. नुसता गम मारलास तर आठवड्यात मालकाच्या डोक्यावर येईल.

ग्लोव्हबॉक्सच्या मागे मात्र हात घालू नकोस. तिथे एअरबॅग आहे, फुटली तर तोंड उरायचं नाही. तसंही ते फार बघण्यासारखं नाही.

साहिलचं काय ते आता सोडून दे. मुलगा वाईट नव्हता. तुझ्या आईला सांग, जवळा पोचला की मामीचं आणि माझं भांडण ठरलेलं आहे.

घरच्या थोरांना नमस्कार, धाकटं कोणी नाही म्हणून तुलाच दुप्पट आशीर्वाद.

तुझा,
हरिश्चंद्रमामा

*

भाईंदर पूर्व,
२० जुलै २०२५

ती. मामास,
सा. न. वि. वि.

मामा, तू तिथे समुद्राकडे पाय करून बसलायस आणि इथे गाडीच्या पोटातलं तुला दिसतंय! नळीतून मूठभर पाचोळा आणि एक मेलेलं झुरळ निघालं. काचेची वायर बरोबर रबरातच तुटलेली. तुझ्या पद्धतीने जोडली: पीळ, वर तीन वेढे दोरा, मग टेप. शेठ बघत होते. म्हणाले, हा दोरा भाईंदरमध्ये एकच माणूस लावायचा. मी म्हटलं, त्याचाच भाचा आहे.

पण गाडी अजून मरतेय. आधी रोज सकाळी मरायची, आता चौथ्या दिवशी. म्हणजे काहीतरी अजून जागं आहे. लहानपणी टॅक्सीवर तू मला फ्यूज काढत काढत चोर पकडायला दाखवलं होतंस, तसं इथे चालेल का? या गाडीचं नेमकं कसं करायचं ते लिही. चुकलं तर शेठ गाडी दुसरीकडे पाठवतील, आणि मग हेमाली मला दिसायची नाही.

साहिलचं सोडून द्यायला तू नको सांगूस. तो मला परवा इंद्रलोकच्या नाक्यावर दिसला. हसला तर दातात ती फट. मी तोंड फिरवलं.

पत्र लवकर टाक. मी वाट बघण्यात किती कच्चा आहे हे तुला माहीत आहे, तरी जीव लावतोस ते चालू ठेव.

तुझा,
साईराज

*

आंजर्ले,
२ ऑगस्ट २०२५

चि. साईराज यास,
अनेक आशीर्वाद.

उशीर झाला. तीन वेळा लिहिलं आणि फाडलं.

पद्धत ही. बॅटरीच्या निगेटिव्हला मीटर लाव. दार उघडंच ठेव, पण त्याची कडी स्क्रूड्रायव्हरने फिरवून बंद कर, म्हणजे गाडीला दार लागलंय असं वाटेल. मग गाडी झोपायला अर्धा तास थांब. तू थांबणार नाहीस हे माहीत आहे, यावेळी थांब. झोपलेली गाडी जेमतेम थेंबभर करंट खाते. काटा त्याच्या वर राहिला तर एकेक फ्यूज काढ. ज्या फ्यूजला काटा पडेल, त्याच्या वायरमागे शेवटपर्यंत जा.

मागच्या पत्रात एअरबॅगचं लिहिलं ते अर्धंच खरं. बॅटरी सोडवून पाव तास थांबलास तर ग्लोव्हबॉक्स खुशाल काढता येतो. वायर तिथे गेली तर तिथेही जा. तुला काम शिकवताना मी कधी खोटं सांगितलं नव्हतं. या वयात ते जमतही नाही.

जे सापडेल ते आधी कागदावर लिही. हत्यार नंतर.

आशीर्वाद आहेत, तुला नको झाले तरी.

तुझा मामा

*

भाईंदर पूर्व,
१० ऑगस्ट २०२५

हरिश्चंद्रमामा,

लिहितोय. कागदावर. तुमच्या नियमाप्रमाणे.

अर्धा तास थांबलो. आतल्या दिव्याचा फ्यूज काढला आणि काटा पडला. वायर ग्लोव्हबॉक्सच्या मागे गेली. तिथे काडेपेटीएवढी काळी डबी. ट्रॅकर. गाडी कुठे, किती वेळ उभी होती, सगळं मालकाच्या मोबाईलवर. आतली बॅटरी फुगलेली, म्हणून दिवसरात्र करंट ओढत होती. डबी आतल्या दिव्याच्या वायरवरून जोडलेली. टेप सोडली. टेपखाली दोरा. तीन वेढे.

मी शेजारी मागच्या काचेची माझी जोडणी उघडून बघितली. दोन्ही सारख्या. शेठनाही दाखवल्या नाहीत.

मंगळवार, शुक्रवार, जेसल पार्क, उत्तन. साहिल नव्हताच. मी त्याचा दात पाडला तेव्हा तुम्ही भाईंदरमध्येच होतात. आईने तुम्हाला बोलावलं होतं. तुम्ही आलात आणि मलाच रागावलात, की शहानिशा न करता हात उचलतोस. शहानिशा! ती तुमच्याच हाताने टेप मारून बंद केलेली होती.

गाडीपर्यंत समजलं. गाडीत मीच होतो हे गोवर्धनभाईंना कोणी सांगितलं?

एवढंच लिहा. आशीर्वाद नकोत.

साईराज

*

आंजर्ले,
१७ ऑगस्ट २०२५

चि. साईराज,

पत्रात 'तुम्ही' वाचलं. मामीने विचारलं काय झालं, मी म्हटलं डोळ्यात काहीतरी गेलं.

गोवर्धनभाई माझं वीस वर्षांचं गिऱ्हाईक. गाड्या चोरीला जातात म्हणून ती डबी बसवून द्या म्हणाले. बसवली. तेव्हा मला काही माहीत नव्हतं, हे खरं. महिन्याने ते मोबाईल घेऊन आले. ड्रायव्हरने लांबून फोटो काढला होता. माणूस दिसत नव्हता, गाडीशेजारी निळी बाईक दिसत होती. म्हणाले, हरिश्चंद्रभाई, बाईक कोणाची ते तुम्ही ओळखाल. त्या बाईकचं वायरिंग मीच केलेलं. मी म्हटलं, माझ्या भाच्याची.

गप्प बसता आलं असतं. मला वाटलं, हे वेळीच आवरलं तर तुझं कॉलेज तरी पुरं होईल. आवरलं ते कॉलेजच.

साहिलला तू मारलंस तेव्हा माझ्या तोंडाला कुलूप लागलं. सांगितलं असतं तर तू माझ्याकडे येणं सोडलं असतंस, या भीतीने. दुसरं कारण नाही. महिन्याभरात इथे निघून आलो. लोक म्हणतात कान गेले म्हणून गेलो.

फ्यूजची पद्धत लिहिली नसती तर तुला कळलं नसतं. पण मग ती गाडी तुझ्या हातून ठीक झाली नसती.

काही मागत नाही.

मामा

*

भाईंदर पूर्व,
२४ ऑगस्ट २०२५

ती. मामांस,
नमस्कार.

गाडी काल गेली. सहा दिवस उभी ठेवून बघितली, पहिल्या स्टार्टला चालू झाली. हेमाली आली होती. एकटी. काच वरखाली केली, छताला हात लावला, चांगलं झालंय म्हणाली. मी ती डबी तिच्या हातात दिली आणि म्हटलं, बघ, हिने सांगितलं तुझ्या पप्पांना, साहिलने नाही. मला वाटलं होतं आता सगळं सरळ होईल.

तिने विचारलं, मग साहिलचा दात? ती म्हणाली, पप्पांशी ती भांडली असती, तयारीही केली होती. पण कँटीनमध्ये माझे डोळे बघितले, आणि तिच्या मनात आलं, पुढचा नंबर कोणाचा. म्हणून फोन केला नाही. तिला घरात कोंडलं नव्हतं, मोबाईल काढून घेतला नव्हता. मीच सहा महिने तसं धरून चाललो होतो.

डबी कोणी बसवली असंही तिने विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. यात तुमच्यावर उपकार नाहीत. मला ते नाव तोंडातून काढायचं नव्हतं.

आज सकाळी साहिलकडे गेलो. त्याच्या आईने दार उघडलं, मला बघितलं आणि लावून घेतलं. माफी लिहून नेली होती, ती दाराखालून सरकवली. सात महिन्यांपूर्वी हीच कॉलेजात द्यायची होती. आत कोणी उचलली की नाही, कळलं नाही.

एक राहिलं. डबी काढल्यावर दिव्याची वायर परत जोडायची होती. ठरवलं होतं, तुमचा दोरा लावायचा नाही. नुसता पीळ आणि टेप मारली. ओढून बघितली तर सुटली. पुन्हा मारली, पुन्हा सुटली. शेवटी दोरा घेतला आणि तीन वेढे दिले. ती धरली. मला दुसरी जोडणी येतच नाही.

मामीला नमस्कार. लोभाचं आज लिहवत नाही.

साईराज