एका ओळीचं पान

बालाघाट, मंगळवार, ७ डिसेंबर २००४

आजची संध्याकाळही कॉम्प्युटरवरच्या त्या '४०४' चुकीतच गेली. कॉलेजसाठी जावा भाषेत बनवलेली वेबसाइट परवा दाखवायची आहे. सर्व्हरवर चढवली, तर एकच उत्तर, पान सापडलं नाही. काहून नाही? फाइल तर मले समोर दिसून राह्यली.

शेवटी सारं बाजूले ठेवलं अन् तपासाले एका ओळीचं पान बनवलं. काय लिहावं सुचेना, म्हणून इंग्रजी अक्षरांत 'जेवला काय रे?' लिहिलं. आई धानाच्या कापणीले कटंगीले मामाकडे गेली, तेव्हापासून हे कोणी विचारलंच नाही. तेही पान सापडेना.

चौकातल्या एसटीडी बूथवरून नागपूरच्या सुधीरले फोन लावला. कॉलेजात माझ्याच बॅचचा होता, आता तिकडे नोकरीले आहे. "अबे, वेब-इन्फमध्ये त नाही ठेवलं? त्या फोल्डरातलं सर्व्हर बाहेरच्याले दाखवतच नाही," एवढं बोलून त्यानं घाईत फोन ठेवला. मले अजून बोलायचं होतं. घरचं, असंच काहीबाही.

घरी येऊन पाह्यलं, तसंच होतं. सुरक्षित राहील म्हणून मीच ते आत कोंडलं होतं. बाहेर काढलं, सर्व्हर पुन्हा सुरू केला, अन् पांढऱ्या पडद्यावर ओळ आली. 'जेवला काय रे?'

"हौ," मी मोठ्यानं म्हटलं.

घरात दिवसभरात तेवढंच बोललो, अन् तेही खोटं. भात अजून टाकायचाच आहे.