अकरा मिनिटांचा विक्रम

बुधवार, ८ तारीख

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही इथे बरे आहोत. तुझा अंगठा, वहिनींची पाठ आणि तुमच्या दाराची ती कुरकुरणारी बिजागरी हे सगळंही बरं असावं.

इकडची बातमी म्हणजे न्हाणीघराचा नळ पुन्हा गळतोय. प्लंबर आला, वाकून पाहिलं आणि म्हणाला, "बाई, नळाला काही झालेलं नाही, भिंतीतच गडबड आहे." भिंतीचा विषय निघालाच आहे तर... नको, त्यावर नंतर येते.

ऑफिसात नेहमीचंच. गेल्या आठवड्यात एका भाजीवाल्याचा तराजू तपासला, तर पारड्याच्या खालच्या बाजूला चुंबक. तो म्हणाला, "मॅडम, मी नाही लावला. कुठूनतरी चिकटला." मी म्हटलं, "चिकटला तेव्हा चिकटला. मग काढला का नाही?" भर बाजारात त्याला अर्धा तास सुनावलं. एरवी अशा दिवशी मी घरी येऊन दोन घास जास्त जेवते. त्या दिवशी पानावरून उठले. नवऱ्याने विचारलं, "चुंबक त्याचा होता ना? मग तू का उपाशी?" त्याला उत्तर दिलं नाही. तुला देते.

काल वहिनींचा फोन आला होता. त्यांच्यावर रागावू नकोस. म्हणाल्या, "वन्सं, हे आपलं घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद करतायत. सोमवारी माणूस येणार आहे हत्यारं न्यायला."

मी विचारलं, "डॉक्टर काय म्हणतात?"

"डॉक्टर म्हणतात, हात उत्तम आहे, बिनधास्त घड्याळं उघडा. हे म्हणतात, डॉक्टरला काय कळतंय, अकरा मिनिटं होत नाहीत! अहो, बायका नवऱ्याची दारू सोडवतात, जुगार सोडवतात. मी कुणाच्या दारात जाऊन सांगू, की पन्नाशीचा माणूस कंदीलवाल्याच्या उड्यांपायी दुकान बंद करतोय?"

मला हे अर्धं तुझ्या मागच्या पत्रातून माहीत होतं. ऑपरेशननंतर बोटांना व्यायाम हवा म्हणून तू माळ्यावरून तो जुना व्हिडिओ गेम उतरवलास आणि त्यातल्या कंदीलवाल्याला पुन्हा बेडकांवरून, खड्ड्यांवरून उड्या मारायला लावलंस, इथवर मी हसत वाचलं होतं. पण तू मनाशी पैज लावली आहेस, हे काल वहिनींकडून कळलं. आठही टप्पे अकरा मिनिटांत पार झाले, म्हणजे मी बाराव्या वर्षी केलेला विक्रम तुला गाठता आला, तर हात शाबूत. नाहीतर घड्याळांना पुन्हा हात लावायचा नाही. चार महिने झाले आणि तू सतरावर अडकला आहेस.

दादा, अकरा मिनिटांत तो खेळ संपत नाही. कुणाचाच संपत नाही.

हे वाक्य लिहिल्यावर मी उठून चहा करून आले. आता सविस्तर लिहिते.

तिसऱ्या टप्प्यात तळघर आहे. त्याच्या शेवटी विटांची भिंत आहे. तू दर वेळी शिडीने वर जायचास, कारण जायचं तसंच असतं. एकदा तू शिकवणीला गेला होतास, मी खेळत होते आणि नेमकी उडी मारताना मला शिंक आली. बोटं भलत्याच बटणांवर पडली. कंदीलवाला हवेतच उलटा वळला, खाली बसला आणि डोक्यापर्यंत विटांमध्ये रुतला. मला वाटलं, मशीन बिघडलं, आता तू मला बदडणार. तेवढ्यात तो आपोआप भिंतीतून सरकत सरकत पलीकडे निघाला. पलीकडे काळोख, जमीन नाही, नुसता एक दरवाजा. खेळ बनवणारा तो तिथे ठेवून विसरून गेला असावा. त्यातून गेलं की थेट आठव्या टप्प्याचा राजवाडा! मधले चार टप्पे गायब.

म्हणजे हे चुकून झालं.

"चुकून" खोडते. पहिल्यांदा चुकून. पुढचे बारा दिवस, तू शिकवणीला गेलास की, मी न शिंकता तेच करायला शिकले. धावायचं, उडी, टोपी विटेच्या कोपऱ्याला लागली की मागे वळून लगेच खाली बसायचं. आणि मग मी पैज लावली: कमी वेळात जिंकेल त्याला खिडकीची खोली.

आपल्या विक्रमांच्या वहीच्या शेवटच्या पानावरचे नियम तुझ्याच अक्षरात आहेत. बेडकावर उभं राहून जीव वाढवत बसणं तू बंद केलं होतंस, कारण "खेळाची चूक म्हणजे आपली हुशारी नव्हे." तेव्हा मला नियम ठाऊक नव्हता, असंही म्हणता येत नाही. दुसरा नियम, साक्षीदाराशिवाय विक्रम नाही. म्हणून तू शिकवणीला गेल्यावर मी बाबांना साक्षीदार बसवलं. ते वर्तमानपत्रामागे होते. मी ओरडले, "बाबा, अकरा मिनिटं! पाहिलंत ना?" ते म्हणाले, "हो हो, पाहिलं, पंखा जरा वाढव." आणि सही केली. आता साक्ष फिरवायला ते नाहीत, म्हणून ती मी फिरवते.

काल जुनी रोजनिशी काढली. चौतीस वर्षांत तिच्यात मी एकदाच खोटं लिहिलं आहे: "आज दादाला सरळ हरवलं." 'सरळ' कशाला लिहिलं असेल? सरळ हरवणारा माणूस नुसतं हरवलं असं लिहितो.

तू पैज पाळलीस. वहीतल्या अकरावर तू एकदाही शंका घेतली नाहीस. घर सोडेपर्यंत पॅसेजमध्ये, त्या फ्रिजशेजारी झोपलास. तो सुरू झाला की तुझी खाट हलायची आणि तू म्हणायचास, "उस्ताद, तुमच्या खिडकीतून भूकंप दिसतो का?" उस्ताद हे नावही तेव्हापासूनचं. माझ्या लग्नात तू सासूबाईंना सांगितलंस, "हिच्याशी पैज लावू नका, बुद्धीला फार तल्लख आहे." त्या आजतागायत माझ्याशी पत्ते खेळत नाहीत. कितीदा ओठांवर आलं. पण तू प्रत्येक वेळी इतक्या अभिमानाने सांगायचास, की खरं बोलणं म्हणजे तुझ्याच तोंडचा घास काढणं वाटायचं. ही सबबही तपासून पाहिली. पारड्याखाली चुंबक निघाला. मला ते नाव आवडत होतं, बाकी काही नाही.

आता कामाचं. आमच्या वजनमापाच्या ऑफिसात कपाटात एक प्रमाण वजन असतं. दुकानातली सगळी वजनं त्याच्याशी ताडून बघायची. तेच खोटं असेल तर इमानदार दुकानदारही चोर ठरतो. चार महिने तू स्वतःचा हात ज्या वजनाने तोलतो आहेस ते खोटं आहे आणि ते मी ओतलं आहे. खरं वजन वहीत त्याच पानावर, माझ्या अकराच्या वर लिहिलेलं आहे. सोळाव्या वर्षीचा तुझा विक्रम, एकोणीस मिनिटं. शिडीने वर जाऊन, आठही टप्पे, साक्षीदार शुद्धीवर.

एकोणीस, दादा. आणि आज पन्नासाव्या वर्षी, टाके घातलेल्या अंगठ्याने, सतरा.

आता तूच सांग, हात गेला की आला?

रागव. हक्काने रागव. वाटल्यास वहिनींकडून शिव्या पाठव, त्यांना माझ्यासाठी पाठ असतील. रविवारी मी येतेच आहे, मुक्कामाला. माझं अंथरूण पाहुण्यांच्या खोलीत घालू नकोस. फ्रिजशेजारी घाल. आणि वहीतल्या त्या अकरावर काट मारायला पेन तयार ठेव. काट मी मारेन, सही तू कर.

या पत्रासोबत कुरियरने माझं मनगटी घड्याळ पाठवते आहे. वर्षभर बंद आहे. इथल्या दोघांनी उघडून पाहिलं आणि म्हणाले, फार बारीक काम आहे, आमच्या हाताचं नाही. घाई मुळीच नाही.

फक्त सोमवारच्या आत हवं.

तुझी धाकटी बहीण
(उस्ताद हे पद आजपासून रिकामं आहे)