देवाआधी पोहोचलेले भीमराव

मी, अनुसूया श्यामसुंदर भिंगारदिवे, वय वर्षे शहात्तर, निवृत्त हजेरी लिपिक, राहणार नगरा, झाशी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व राजीखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो पाहून माझे धाकटे दीर राजाभाऊ यांची निराशा होईल, त्याला माझा इलाज नाही. याआधीची दोन मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती मी रागाच्या भरात लिहिली होती. हे शांतपणे रागावून लिहिले आहे.

१. माझ्या नावावरचे घर माझी मुलगी मेघना हिला मिळावे. मात्र पुढच्या दोन खोल्यांत भीमराव वाघचौरे यांना हयातभर, विनाभाडे राहू द्यावे. हे गृहस्थ कोण, असा प्रश्न कोणी काढू नये म्हणून सांगते.

ऑगस्ट १९९८. मऊरानीपूरचे लग्न आटोपून आम्ही जीपने परतत होतो. वाटेतल्या रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, पाणी वाहत होते. राजाभाऊ म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, मी प्रार्थना करतो," आणि उतरले. मध्यावर जीप बंद पडून कलंडली. मी आणि माझे पती श्यामसुंदर एका बाभळीला धरून लोंबकळत राहिलो.

चर्चमध्ये मी लहानपणापासून गात आले होते की भक्ताने हाक मारली की देव आभाळ वाकवून उतरतो, नाकातून धूर सोडत, विजा फेकत, वाऱ्यावर स्वार होऊन येतो आणि भक्ताला पुरातून उपसून काढतो. मी हाक मारली. आभाळ जागच्या जागी राहिले. काठावर राजाभाऊ डोळे मिटून गुडघ्यांवर बसले होते.

आले ते भीमराव. रेल्वे कारखान्यातले फिटर, मागच्या ट्रॅक्टरवर बसलेले. अंगात पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, कमरेला दोर, तोंडाला महुआच्या दारूचा वास. श्यामसुंदर ओरडले, "पहले इन्हें!" भीमरावांनी मला काठावर आणून टाकले आणि मागे वळले. बाभळ तिथे नव्हती. तरी ते आणखी दोनदा पाण्यात शिरले. दोराच्या हिसक्याने त्यांचा उजवा खांदा निखळला, तो कायमचा अधू झाला.

मी त्यांना विचारले, "भैया, आप क्यों कूदे?"

ते मराठीत म्हणाले, "ताई, तुम्ही देवाला ज्या शिव्या घालत होता, त्या ऐकून वाटलं, आता हा काही येत नाही."

२. तेव्हापासून दर ऑगस्टात राजाभाऊ चर्चच्या मंडळीसमोर साक्ष देतात की त्यांच्या प्रार्थनेने देव धावत आला. त्या साक्षीत भीमरावांचे नाव नसते. सख्ख्या भावाचेही नसते. सबब राजाभाऊंना गुडघ्यांखाली घ्यायची एक मखमली उशी द्यावी, बाकी काही नाही. माझ्या दफनविधीत त्यांनी बोलू नये. बोलू लागलेच तर मेघनाने पेटी वाजवायला घ्यावी आणि थांबू नये.

३. श्यामसुंदरांचा नकाशे काढायच्या अवजारांचा डबा नात रुचिरा हिला. कंपासने नखे साफ करू नयेत.

४. बँकेतली शिल्लक भीमरावांच्या औषधपाण्याला. उरल्यास चर्चच्या गळक्या छपराला. माझा वाद मालकाशी आहे, इमारतीशी नाही.

काल मेघनाला हे सर्व वाचून दाखवले. ती म्हणाली, "आई, बाकी सब ठीक है. पण देवाला माफ केलंस का?"

मी म्हटले, "अजून नाही. वर गेले की समोर उभी राहून विचारीन, श्यामसुंदरांसाठी पाच मिनिटं लवकर का नाही आलास? नीट उत्तर दिलं, तर बघू."

सही: अनुसूया श्या. भिंगारदिवे

बाईंनी वरील मजकूर आम्हांला मोठ्याने वाचून दाखवला, एकही शब्द गाळायला नकार दिला आणि आमच्यादेखत सही केली.

साक्षीदार: १. दीप्ती (शेजारीण) २. जयदीप (वकील)

झाशी, १९ ऑगस्ट २०२५