लुपे वहिनीचे तामालेस

प्रिय लुपे वहिनी,

तुला जाऊन अडीच महिने झाले आणि मी अजून रडलेले नाही. आज लिहितेय, कारण आज आईने आणि मी वाटलेल्या मक्यात सारण भरून, केळीच्या पानांत उकडून तुझे तामालेस केले. तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

आठवतं, मेक्सिकोतली नोकरी संपवून दादा तुला पेणकरपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत घेऊन आला? आठवड्यातच तू चुन्याच्या पाण्यात मका शिजत ठेवलास. आई ओरडली, "अगं, चुना पानाला लावतात!" तुला फक्त 'पान' कळलं. तू हसून केळीचं पान दाखवलंस.

भिजलेला मका गिरणीवाल्याने परत पाठवला. "मॅडम, गीला नहीं पीसेगा." मग तू बाल्कनीतला पाटा धुतलास आणि गुडघ्यांवर बसून वाटत राहिलीस. आई दारातून बघत होती. त्या दिवशी तिने मोदकपात्र काढून दिलं, पण अट घातलीच, "ह्यात चिकन चालणार नाही!" तू राजमा भरलास. अकरा वर्षं राजमाच! इतकं कशाला ऐकायचं गं?

आणि मी? मला बघायला पाहुणे येणार म्हणून तू पहाटेपासून तामालेस करत होतीस. मी म्हटलं, "वहिनी, आज हे नको. लोक काय म्हणतील?" तू भरलेलं पात्र शेजारच्या भाभींकडे ठेवून आलीस आणि पोह्यांसाठी कांदा चिरायला बसलीस. भांडायचं होतंस ना! ते स्थळ जमलंही नाही.

नंतर कितीदा म्हणालीस, "ये, सिकवते." मी म्हणायचे, पुढच्या रविवारी. मग चार दिवसांचा डेंगी. हॉस्पिटलच्या फॉर्मवर तुझं पूर्ण नाव मी पहिल्यांदा लिहिलं, तेही दादाला विचारून.

दर नोव्हेंबरला, तुमच्याकडच्या पितरांच्या सणाला, तू तुझ्या वारलेल्या वडिलांच्या फोटोपुढे झेंडू आणि तामालेस ठेवायचीस. परवा तुझ्या चिनूने विचारलं, "आत्या, या वर्षी मम्मीचा फोटो ठेवायचा?" आई उठली आणि तिने मका काढला. चुना किती घालायचा, कुणालाच ठाऊक नव्हतं. पहिला मका कडू झाला, फेकला. आज दुसरा. गुडघे दुखतात तरी पाट्यावर आईच बसली. मी राजम्याचं पातेलं पुढे केलं, तर म्हणाली, "चिकन आण. तिला काय आवडायचं ते मला माहितेय."

तामालेस फुटले. मीठ कमी पडलं. दादाने पान उघडलं आणि नुसता बघत बसला. चिनूने दोन खाल्ले, म्हणाली, "मम्मीसारखे नाहीत." मला तरीही काहीच वाटलं नाही. मी भांडी घासली.

तुझ्या आईचा दर रविवारी व्हिडिओ कॉल येतो आणि मी आतल्या खोलीत निघून जाते. तिची भाषा मला येत नाही, काय बोलू? पण या रविवारी नाही जाणार. चिनूला येते ती भाषा; तिला मधे बसवून, वही घेऊन विचारेन, चुना किती, मीठ किती. तुझी आई रडायला लागली तर थांबेन. मग पुन्हा विचारेन.

तुझी नणंद,
वैशाली