नियम नववा: पत्नीची संमती

४ जानेवारी १९९९
आजपासून रोज डायरी. आमच्या शिरोलीच्या फाउंड्रीचे मालक विजयसिंह साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मस्कतला आपलं युनिट सुरू होतंय. साचे भरणारे सहा मोल्डर आणि एक ऑफिस इन्चार्ज, दोन वर्षांसाठी. म्हणाले, राजशेखर, माणसं पाठवायचे नियम तुम्हीच लिहा. पर्सोनेलमध्ये वीस वर्षं काढलेला दुसरा आहे कोण? पंधरा दिवसांत ड्राफ्ट.
महादेवी अजून माहेरीच, संकेश्वरला. दिवाळीत चार दिवसांसाठी गेली आहे.

१९ जानेवारी
रोज डायरी जमली नाही. कामाचा लोड. आठ नियम तयार.
मेहुणा शिवपुत्र स्टँडवर भेटला. म्हणाला, अक्कानं शिलाईचा क्लास काढलाय, चौदा बायका येत्यात. चांगलंय, वेळ जायला काहीतरी हवंच. परत कधी येणार म्हणून विचारलं, तर म्हणतो, दाजी, सैपाकघरातला तो कागद हाय का अजून भिंतीवर?
आहे. का नसावा? गॅस किती वाजता बंद, दुधाचं पातेलं कुठं, फोन किती मिनिटं. अवघे अकरा नियम. घरालाही शिस्त लागते.

२ फेब्रुवारी, दु. ३
नववा नियम सुचला. 'कर्मचाऱ्याच्या पत्नीने स्वतः ऑफिसात येऊन संमतीपत्रावर सही करावी. टपालाने आलेली सही ग्राह्य धरली जाणार नाही.' साहेब म्हणाले, बायकांना कशाला हेलपाटा? म्हटलं, खोट्या सह्या होतात. पटलं.
इन्चार्जसाठी मीही अर्ज टाकला. जायचं नाहीच. महादेवी सहीला येईल, दोन वर्षं म्हटल्यावर रडेल, मी तिथल्या तिथं अर्ज मागं घेईन. मग रिक्षा करून थेट घरी. प्लॅन पक्का.

१८ फेब्रुवारी
साहेबांनी स्वतः दहावा नियम घातला: सही झाली की माघार नाही. घालू देत. इथं सही होणारच नाही.

९ मार्च
माझी निवड. महादेवीला कंपनीच्या लेटरहेडवर रजिस्टर पत्र. 'आपण समक्ष हजर राहावे.' खाली सही माझीच.

१५ मार्च
मोल्डर सयाजीची बायको झुंबरबाई आली. फॉर्म हातात घेऊन सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल अशी ओरडली, दोन वर्सं? ह्यास्नी साधं पाणी बी आपल्या हातानं घेता येत न्हाय, आन् मस्कतात काय करत्यात? फॉर्म चार तुकडे करून टेबलावर ठेवला. सयाजी कान खाजवत हसत होता. दोघं लुनावरून गेली. ती मागं बसून अजून भांडतच होती.
बिचारा सयाजी. बायकोपायी चांगली संधी घालवली.
महादेवीचं कार्ड आलं. 'ता. २९ ला येते.' अक्षर तेच.

२८ मार्च
घर झाडलं. तिला आवडतं म्हणून अर्धा किलो भडंग आणलं. सैपाकघरातला कागद काढला. मागं भिंतीवर पांढरा चौकोन राहिलाय. तिथं कॅलेंडर लावता येईल. तिनं सांगितलेलं लावू.

२९ मार्च
सव्वाअकराला आली. नवी पर्स. नियमाप्रमाणे समोर पर्सोनेल विभाग, म्हणजे मी. टायपिस्ट ज्ञानू साक्षीदार. प्रश्नही मीच विचारायचे. पती दोन वर्षं परदेशी राहणार, याची कल्पना आहे का? म्हणाली, व्हय. हरकत? न्हाय. मी दुसऱ्यांदा विचारलं. फॉर्मवर एकदाच विचारायचं आहे. ती म्हणाली, अहो, न्हाय म्हटलं की. मग तिनंच विचारलं, मधीच परत लावून देत न्हाईत न्हवं?
माझ्या नोकरीची काळजी.
सही केली. पेनला टोपण लावून परत दिलं. म्हटलं, घरी चल, चहा घेऊ. म्हणाली, जोतिबाच्या यात्रेची गर्दी हाय, एकची बस चुकली तर उभं राहून जायला लागंल, चारला बायका येत्यात क्लासला. म्हटलं, कागद काढलाय भिंतीवरचा. ती थांबली. म्हणाली, काढलासा? बरं केलंसा. तब्येतीला जपा.
यात्रेत बसला गर्दी असते, हे खरंच आहे.

६ एप्रिल
परवा निघायचं. भडंग नरम पडलं, ज्ञानूला दिलं. घराची किल्ली शेजारच्या तानाबाईंकडे. त्यांनी विचारलं, वैनी आल्या तर द्यायची न्हवं? म्हटलं, अर्थात.
शेवटचं ऑफिसचं काम: पुढच्या बॅचसाठी नियमांत दुरुस्ती. नववा नियम रद्द. ज्ञानू टाइप करता करता थांबला, कारण काय घालू म्हणाला.
म्हटलं, घाल. उद्देश साध्य झाला नाही.