आबा विद्यापीठ बघायला आले

१ ऑगस्ट, गुरुवार

नाव लागलं! लागलं, लागलं, लागलं!

कणीक मळत होते. मोबाईल वाजला तर पिठाच्या बोटानंच उघडला. एम.एस्सी., अन्नतंत्रज्ञान. माझंच नाव, सासरच्या आडनावासकट. ओरडावंसं वाटलं. पण ओरडणार कुठं? बाहेर ओसरीवर सासरे, म्हणजे आबा, मळ्यातली विड्याची पानं जुळवून त्यांच्या कवळ्या लावत बसलेले. शेजारी सासूबाई. दोघांनाही मी अर्ज भरल्याचा पत्ता नाही. फक्त युवराजला माहीत. (तोंडानं 'अहो'च म्हणते. वहीत तरी नवऱ्याला नावानं हाक मारू दे की!)

आज सगळ्या चपात्या टम्म फुगल्या. आत्या — सासूबाईंना मी आत्या म्हणते — म्हणाल्या, "आज काय गं, हाताला गुण आलाय!" मी नुसती हसले.

२ ऑगस्ट, शुक्रवार

युवराजला सांगितलं. खूश झाला, आणि लगेच मान खाजवायला लागला. "आबांना कोण सांगणार?" म्हणे. दिवसभर ठिबक सिंचनाच्या दुकानात गिऱ्हाइकांशी हुज्जत घालतो हा माणूस, आणि बापासमोर गेला की मांजर!

अडचण आहेच. रोज जाऊन-येऊन जमायचं नाही. विद्यापीठ बारामतीच्याही पलीकडं, प्रात्यक्षिकं संध्याकाळपर्यंत, आणि आमच्या निमगाव केतकीची एसटी आली तर आली. म्हणजे वसतिगृहात राहायचं. दोन वर्षं. शनिवार-रविवार घरी. लग्न झालेली सून वसतिगृहात — आमच्या आळीत अजून कोणी ऐकलेलं नाही. आणि चौदा तारखेपर्यंत प्रवेश पक्का केला नाही तर जागा दुसऱ्याला.

लग्न ठरताना शिकेन म्हटलं होतं. सगळे 'हो हो' म्हणाले होते. तसं सगळेच म्हणतात.

४ ऑगस्ट, रविवार

शेवटी मीच बोलले. आबांशी नाही, आत्यांशी. आबांशी थेट बोलायची आमच्याकडं पद्धत नाही. तेही माझ्याशी बोलत नाहीत. मी समोर उभी असले तरी आत्यांना सांगणार, "तिला सांग, चहा टाकाय." आत्या सांगेपर्यंत मी आधण ठेवलेलं असतं. दोन वर्षं हे असंच चाललंय, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं हसूच येतं. आज नाही आलं.

जेवणं झाल्यावर आत्यांनी विषय काढला. मी दाराआड. आबांचा अडकित्ता थांबला. मग—

"किती लांब हाय?"

आत्यांनी सांगितलं.

"कोण कोण ऱ्हातंय तितं?"

ते आत्यांना काय ठाऊक!

"मी बघून येतो," आबा म्हणाले. "मग काय ते."

नाही म्हणाले नाहीत. हो पण नाही.

६ ऑगस्ट, मंगळवार

विद्यापीठात फोन केला. नव्या मुलांना आणि घरच्यांना शनिवारी सगळा परिसर पायी फिरवून दाखवतात म्हणे. नावं दिली — मी, युवराज, आबा.

९ ऑगस्ट, शुक्रवार

नागपंचमी. वन्सं आल्यात — युवराजची थोरली बहीण सुप्रिया, अकलूजला दिलेली. आल्या आल्या आबांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, एवढंच. पण मग दुपारभर ओसरीवरून हलले नाहीत. त्यांची बडबड ऐकत बसले होते.

आज चिरायचं नाही, तळायचं नाही. आम्ही दोघी पुरणाची दिंडं वाफवत बसलो. वन्सं म्हणाल्या, "आबा एकदा बघून आले का मग त्यांचा शब्द फिरत न्हाय बघ. हिकडचा असू दे, न्हायतर तिकडचा." मला धीर दिला की घाबरवलं, कळेना.

१० ऑगस्ट, शनिवार

सगळं लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

आबा पहाटेच तयार. ठेवणीतलं धोतर, कडक टोपी, लग्नकार्यात घालतात तो कोट. या उकाड्यात कोट! युवराज म्हणाला, "आबा, कशाला?" तर नुसतं बघितलं त्याच्याकडं. आणि बोलेरोत पुढं जाऊन बसले.

केवढं मोठं आहे ते! गेटातून आत गेलं तरी इमारत दिसत नाही, नुसता रस्ता आणि दोन्ही बाजूंना झाडं. आम्हाला फिरवायला एक मुलगी होती — रुक्सार, इंदापूरची, दुसऱ्या वर्षाला. चुणचुणीत एकदम! आमच्याकडं तोंड करून उलटी चालायची आणि बोलत राहायची, एकदाही अडखळली नाही. आबांना म्हणाली, "आजोबा, खूप चालायचंय. गाडी मागवू का?"

"आमी काय पाय घरी ठिवून आलो न्हाय," आबा म्हणाले. आणि सगळ्यांच्या पुढं.

बाकीचे घरचे लोक फोटो काढत होते. आबा प्रश्न विचारत होते. पाणी कुठलं येतं — कॅनॉलचं का बोअरचं? उन्हाळ्यात टिकतंय का? गेट कधी लावतात? लावणारा माणूस कुठला, बायकापोरांचा आहे का? रुक्सारनं बिचारीनं नव्या प्रयोगशाळेचं यंत्र इतक्या हौसेनं दाखवलं — फळांचा रस काढून त्याची भुकटी करतं ते. मी तर त्याच्यापुढून हलेना! आबांनी एक नजर टाकली. "मोठं हाय," म्हणाले आणि विचारलं, "पोरी हितनं अंधारात कुठल्या वाटंनं जात्यात?"

मला शरम वाटायला लागली. खोटं कशाला लिहू? वाटली.

ग्रंथालयाच्या दारात त्यांनी चपला काढल्या. रुक्सार म्हणाली, "राहू द्या, आजोबा, इथं चालतं." त्यांनी ऐकलं नाही. अनवाणी आत गेले, हात मागं बांधून, प्रत्येक कपाटासमोर थांबत. त्यांना एकट्याला कसं सोडायचं? मग मीही काढल्या. फरशी गार होती. बरं वाटलं.

मेसमध्ये पिठाचा डबा उघडायला लावला. चिमटीत पीठ घेऊन चोळून बघितलं. स्वयंपाकीणबाईंना विचारलं, "वाढतंय कोण?"

रुक्सारनं सांगितलं, आपलं आपण घ्यायचं.

"आन् एखादी जेवायलाच न्हाय आली तर? इचारतंय कोण?"

रुक्सार इतका वेळ फडाफडा बोलत होती, ती पहिल्यांदा थांबली. म्हणाली, "माझी मैत्रीण विचारते, आजोबा."

आबांनी मान हलवली. आवडलं की नाही, काही कळायला मार्ग नाही. त्या चेहऱ्यावरून कोणाला कधी काही कळलंय!

मग मुलींचं वसतिगृह. खालची एक खोली दाखवायला उघडी ठेवलेली. आबांनी दाराची कडी लावून बघितली, काढली, पुन्हा लावली. खाट दाबली. खिडकीचा गज हलवला. नळ सोडला. युवराज कानात म्हणाला, "आता गादीच्या आत काय आहे तेपण विचारतील." मला हसू आणि रडू एकदमच येत होतं. वसतिगृहाच्या मॅडम भल्या. त्यांनी स्टीलच्या ग्लासातून पाणी आणलं, मला विचारलं, "हे वडील का तुमचे?"

"सासरे," मी म्हटलं.

"अरे वा! बसा ना, आबा. पाणी घ्या."

आबांनी हात जोडले. "नको."

"फिल्टरचं आहे. उन्हातून आलात."

"नको. तहान न्हाय."

तहान नाही! ओठ कोरडे पडलेले, कोटाची पाठ भिजलेली. मॅडमचा हात तसाच पुढं राहिला. मी तो ग्लास घेतला आणि पिऊन टाकला, कोणीतरी प्यायला हवं म्हणून. चहा आला, तोही नको. बसले पण नाहीत. नंतर कॅन्टीनमध्ये सगळ्यांना वडापाव-चहा होता, तर आबा बाहेर कडुलिंबाखाली उभे. मी तिथल्या नळावर बाटली भरून युवराजबरोबर पाठवली. आबांनी बाटलीकडं बघितलं आणि मान हलवली.

परत येताना कन्हेरी गावाजवळ म्हणाले, "थांबव." टपरीवर उतरले आणि ग्लासामागून ग्लास पाणी प्याले. टोपी काढून तोंडावर मारलं. मी मागच्या सीटवरून बघत होते.

एवढी नकोशी वाटली त्यांना ती जागा. तिथलं पाणीसुद्धा.

११ ऑगस्ट, रविवार

आबा सकाळीच पानमळ्यात. जेवायला आले, जेवले, गेले. वन्सं त्यांच्या घरी निघाल्या, आबा त्यांना एसटीत बसवून आले. माझ्याबद्दल एक अक्षर नाही. चहाचा निरोप तेवढा आत्यांमार्फत.

मुद्दाम साखर कमी टाकली चहात. प्याले गुपचूप. मग मलाच कसंतरी झालं.

१२ ऑगस्ट, सोमवार

युवराजला सांगून टाकलं, मी जात नाही. तो चिडला. "आबांना विचार तरी! मी विचारू का?" आता याला कंठ फुटला! मी म्हटलं, काय विचारायचं राहिलंय? माणूस दुश्मनाच्या दारातसुद्धा घोटभर पाणी घेतो.

रागही नाही आला धड आबांचा. ते काही वाईट नाहीत. मागच्या वर्षी मला ताप होता तेव्हा दवाखान्याच्या बाकावर बसून होते, माझ्याशी एक शब्द न बोलता. मला फक्त एवढंच वाटत होतं, की त्यांनी ती जागा माझ्या डोळ्यांनी बघावी. ते यंत्र. ती पुस्तकं. पण ते कड्या हलवत बसले. मला जायचं आहे. खूप जायचं आहे. त्यांच्या मनाविरुद्ध मात्र पाय उचलायचा नाही माझा. आणि याचं मला रडू येतंय, हेही लिहून ठेवते.

भाकऱ्या करपल्या.

१३ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी आत्यांना सांगितलं — उद्याची मुदत आहे, मी जात नाही, आबांना जागा पसंत नाही, त्यांनी तिथं पाणीसुद्धा घेतलं नाही. आत्या हातातलं सूप तसंच धरून माझ्याकडं बघत राहिल्या.

"अगं येडे! लेक दिली त्या घरचं पाणी बाप पितोय व्हय? सुप्रियाच्या घरी घोट तरी घेत्यात का? आल्यापासनं मला सांगत्यात, जागा चांगली हाय, पोरगी सुखात ऱ्हाईल. मला वाटलं, तुला तितंच कळलं!"

मी म्हटलं, "पण आत्या, मी सून आहे."

"त्ये त्यांना जाऊन सांग," आत्या म्हणाल्या, आणि पाखडायला लागल्या.

दादा, माझे वडील, गेले तेव्हा मी चौथीत होते. लग्नात कन्यादान चुलत्यांनी केलं. दोन वर्षांत सांगवीहून, माझ्या माहेरून, जे जे आले ते सगळे या घरात चहा-पाणी घेऊन, जेवून गेले. 'नको' म्हणणारं मला कोणी नव्हतंच.

आता आहे.