वैद्य होऊन पाहिलं

रविवार, संध्याकाळ

गेममधला राक्षस आजही मेला नाही. खोलीतला जोडीदार समीर म्हणाला, "भावा, तलवारवाला सोड, कॅरेक्टर बदल, वैद्य हो. मागं थांब, मी पडायला लागलो की मंत्र मार." झालो वैद्य. पण बोटांना सवय मारायचीच, सारखा पुढं पळत होतो. शेवटी मनावर दगड ठेवून मागं थांबलो, तर मंत्र भरेपर्यंत समीर खलास. "उशीर केलास राव."

कंपनीनं समीरला ब्रेक दिलाय, म्हणजे कामावरून तात्पुरतं काढलंय. आम्हा कंत्राटी पोरांना काही महिन्यांनी देतातच. उद्या तो लातूरला, घरी. मी काय करणार? मीही कंत्राटीच.

बॅग भरताना त्यानं विचारलं, "परत घेतील ना रे?"

मी मागंच उभा होतो. तोंडातून शब्द निघेपर्यंत त्यानं चेन लावली.